दांडीवरून उतरवणारी आत्या

माझी नणंद शाळेची व्हॅन चालवते. व्हॅनमधली पोरं तिला हॉर्नआत्या म्हणतात, कारण तिनं हॉर्न वाजवला की पलीकडच्या गल्लीतली माणसंसुद्धा अंथरुणातून दचकून उठतात. नवऱ्यानं तिला सोडलं असं लोक म्हणतात. ती म्हणते, "सोडलंबिडलं काही नाही. त्याचा स्टॉप आला, मी उतरवला." मी तिला ताई म्हणते. वयानं मोठी आहे, आणि दुसरं काही म्हणायची माझी हिंमत नाही. तोंडानं फटकळ, नाकावर माशी बसू देत नाही, आणि माझ्या भाजीत मीठ कमी आहे हे ती पाहुण्यांसमोर सांगते. तरी माझ्या मुलीच्या पायाच्या बाबतीत जे झालं, त्यात सरळ वागलेलं माणूस दाखवा म्हटलं तर मी तिच्याकडेच बोट करीन.

माझी मुलगी जिमनॅस्ट आहे. घरी आम्ही तिला खारू म्हणतो. धड चालायला लागायच्या आधी ती खिडकीच्या गजाला लोंबकळली होती. तिच्या सरावाच्या हॉलमध्ये एक शिस्त आहे: काहीही होवो, उतरल्यावर दोन्ही हात वर, हनुवटी वर आणि चेहऱ्यावर हसू. पडलात तरी हसायचं, परीक्षकांना रडवे चेहरे आवडत नाहीत. त्या दिवशी बीमवरून, म्हणजे कसरतीच्या त्या उंच अरुंद पट्टीवरून, उडी मारून उतरताना तिचा पाय वाकडा पडला. शिकवल्याप्रमाणे ती उभी राहिली, हात वर केले आणि हसली. मोठे सर, म्हणजे तिथले मुख्य प्रशिक्षक, म्हणाले, "छान! पुन्हा." तिनं त्याच पायावर पुन्हा उडी मारली, पुन्हा हसली. त्यानंतरच्या उडीला तिला उठताच येईना, तर गादीवर बसल्या बसल्या तिनं हात वर केले. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसायला शिकवलंत तुम्ही, आणि वर आम्हालाच सांगता, पोरगी हसत होती, आम्हाला कसं कळणार?

पावलाच्या हाडाला चीर गेली होती. डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घातलं आणि स्पष्ट सांगितलं, "हा पाय टेकवायचा नाही. बाकीच्या शरीराला काही झालेलं नाही, त्याला कामाला लावा. नाहीतर पाय बरा होईल आणि पोरगी गंजेल." सरांचं म्हणणं वेगळं. "घरी बसू दे. बरी झाली की बघू." या 'बघू'चा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. संघाची निवड तोंडावर आली होती, आणि हॉलमधून गेलेल्या मुलीची जागा तिथे कुणी राखून ठेवत नाही. खारू भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवणाचं ताट तसंच परत यायचं. माझा नवरा म्हणाला, "आता सर म्हणतात तर..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ताईनं व्हॅनची किल्ली उचलली. मीही मागोमाग गेले. मारामारी झाली तर सोडवायला कुणीतरी हवं.

"तिला दांडीवर लटकू द्या. हातांनी होईल तेवढं करू द्या," ताई सरांना म्हणाली.

"बाई, हा हॉल आहे, दवाखाना नाही."

"माहितेय. दवाखान्यात दुखतंय म्हटलं की ऐकतात."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. दुपारी हॉल रिकामा असतो तेव्हा या, पण काही झालं तर मी जबाबदार नाही, असं म्हणून त्यांनी हात झटकले. जबाबदारी झटकण्यात तो माणूस पहिल्यापासून तरबेज. त्यांच्या हाताखालच्या धाकट्या मॅडम मात्र मनानं चांगल्या. त्या आपला डबा घाईघाईनं आटोपून यायच्या आणि काय करायचं, काय नाही ते नीट दाखवायच्या.

मग रोज दुपारी, व्हॅनच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये, ताई खारूला दांडीपर्यंत उचलून धरायची. खारू लटकायची, अंग वर ओढायची, प्लास्टरचा पाय सांभाळत दोन्ही पाय पोटाशी घ्यायची. झालं की सुटून खाली यायचं नाही, 'सोडू नकोस,' म्हणून ताई खालून बजावायची. ताई कमरेला धरून तिला अलगद बाकावर बसवायची. बारा वर्षांची घोडी ती, ताईची पाठ पार कामातून गेली. कमरेला पट्टा बांधून ती गाडी चालवायची आणि कुणी विचारलं तर फॅशन आहे म्हणायची.

खरी डोकेदुखी वेगळीच होती. खारू खरं सांगेना. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबला तरी दात दाखवून म्हणायची, "नाही दुखत." हे त्या हॉलनं तिच्यात मुरवलेलं. ताईनं फर्मान काढलं, पायाला काय वाटतंय ते खरं सांगितल्याशिवाय गाडी हलणार नाही. एकदा खरोखरच हलली नाही. खारू गप्प, ताई गप्प, आणि शाळेच्या फाटकात ताटकळलेल्या पोरांच्या आयांचे फोनवर फोन. शेवटी खारू पुटपुटली, "टाचेच्या पुढे ठणकतंय." ताईनं गाडी सुरू केली आणि आयांच्या शिव्या निमूटपणे ऐकून घेतल्या.

प्लास्टर निघालं. चालायला परवानगी मिळाली, उड्या मारायला अजून नाही. त्याच सुमारास सरांनी तिला दांडीवर पाहिलं. हातांत आणि पोटात अशी ताकद आली होती की त्यांना एकदम ती आपली विद्यार्थिनी असल्याची आठवण झाली. "निवडीला दांडी करू दे तिला. शेवटी एकच तर उडी आहे," ते म्हणाले. एकच! एवढे दिवस बघू, बघू म्हणणाऱ्या माणसाला आता घाई झाली होती. शेवटच्या उडीशिवाय निवड होणार नाही हेही त्यांनी ऐकवलं. नवरा विरघळला. खारू तर हवेतच.

ताई म्हणाली, "दांडी कर. उडी नाही. डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलंय."

"तूच म्हणायचीस ना, सोडू नकोस!" खारू किंचाळली. "तुला काय कळतं? तू व्हॅन चालव!"

मी थप्पड मारायला हात उचलला, ताईनं तो वरच्या वर धरला. पण त्या रात्री ताई जेवली नाही. मला तिचं वाईट वाटलं आणि सरांचा असा संताप आला की हातातलं भांडं मी आपटलं.

निवडीच्या दिवशी आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे होतो. खारू काय करणार हे कुणालाच माहीत नव्हतं. ती आमच्यापैकी कुणाशी बोलतच नव्हती. दांडीवर तिनं जे केलं ते बघून परीक्षक पुढे झुकले. शेवटचा झोका आला. हात सोडायचे, हवेत गिरकी घ्यायची आणि दोन पायांवर उतरायचं.

तिनं हात सोडले नाहीत. झोका मंदावला आणि ती सरळ लटकत राहिली.

"सोड!" सर ओरडले. "खाली गादी आहे! सोड!"

तिचे दंड थरथरायला लागले. सगळा हॉल बघत होता.

"दुखेल," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "आत्या, उतरव मला!"

ताई चपला घालूनच गाद्या तुडवत गेली आणि तिला कमरेला धरून खाली घेतलं. सर मागून तणतणत आले. "एवढ्यासाठी रोज दुपारी घाम गाळलात? वाया घालवलीत पोरीला!"

"हो," ताई म्हणाली. "एवढ्यासाठीच."

संघात दुसरी मुलगी गेली. खारू आत्याच्या खांद्यावर तोंड खुपसून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी हमसून हमसून रडली, आणि कुणीही तिला गप्प बस म्हणालं नाही.