ताण तोडताना

२०२३ साल होतं, मी एकाहत्तरचा. पौषातलं कोवळं ऊन संत्र्याच्या पानापानांवरून निथळत होतं, आणि एकाएकी सगळी बागच फिरू लागली. झाडं फिरली, आभाळ फिरलं, पायाखालची काळी माती फिरली. मी बुंध्याला मिठी मारून उभा. परतवाड्याजवळच्या या मातीत जन्म गेला, आणि तिनेच मला ओळख दाखवू नये?

सांगणार कोणाला! चौथीत शाळा सुटली, पण ताठा कधी सुटला नाही. महिन्यात तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा बायकोने, सुमनने, ओढतच अकोल्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या. ही अर्धशिशीचीच जात, बाई म्हणाल्या, डोकं दुखो न दुखो, तोल हलवणारी, व्हेस्टिब्युलर मायग्रेन. झोपमोड, उपास, उग्र वास, लखलखता उजेड, बदलती हवा, कशानेही ती चाळवते; एकाला एक बाधतं, दुसऱ्याला दुसरं. मग विचारलं, "बाबा, काही ताण आहे का?"

"आहे ना," मी ऐटीत म्हणालो, "दीड महिना झाला."

सुमन पदराआड हसली. "बाई, हे संत्र्याच्या झाडायचं सांगून राहिले!"

आमच्याकडे बहार धरायचा तर झाडांचं पाणी बंद करतात. पानं मलूल होतात, मुळं तृषार्त होतात, आणि मग पाणी मिळताच फांदी फुलांनी लगडते. त्यालाच ताण देणं म्हणतात. मला दुसरा ताण ठाऊकच नव्हता.

"मनाचा, बाबा."

"मले कायचा ताण?"

"पोळ्यापासून सख्ख्या भावाशी बोलत नाहीत हे," सुमन म्हणाली. "विहिरीवरल्या मोटारीची चावी त्याच्यापाशी. मागाव लागन म्हणून पाणी द्यायची वेळ झाली तरी बाग वाळवून राहिले."

खरं होतं. पोळ्याला चारचौघांत धाकटा महादेव म्हणाला होता, "दादा, थकला तू आता, बागेचं मी पाहतो." एवढंच! पण ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं, आणि त्याच्याभोवती माझी झोप सडत राहिली.

परतीच्या एसटीत बाभळींतून ऊन डोळ्यांवर लपलपत होतं. मी डोळे मिटून घेतले. सगळं काही भावाच्या माथी मारणार नाही. चतुर्थीचा उपास होता, रात्रीची जागरणं होती, गोळ्याही आता घ्यायच्याच आहेत. पण ताण हद्दीबाहेर गेला की बहार येत नाही, फांदीच वाळते, हे पानाला नुसता हात लावून ओळखणाऱ्या मला स्वतःचं पान कसं ओळखू आलं नाही? आणि तोडायचा तरी कसा? एकदम पाट फोडून चालत नाही. पहिलं पाणी हलकंच द्यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटभर भाकर खाऊन मी विहिरीवर गेलो.

"महादेव, मोटार लाव. हलकंच सोड."

"काहून दादा, वाचा फुटली?"

जमीन जराशी हलली, की मीच हललो, कळलं नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाण्यामागोमाग धुऱ्याने, बांधाबांधाने, पहिल्या झाडापर्यंत चालत गेलो.