रंभाजी गुळव्याचं बोट

भीमराजने गहिनीनाथचं एक आख्खं आधण जाळलं, आणि तेही चुलवाणाला हात न लावता.

आधण म्हणजे एका काहिलीत मावेल एवढा उसाचा रस. तो अडीच-तीन तास उकळतो, त्याची मळी काढतात, तो तांबूस होतो, घट्ट होतो, आणि शेवटी अशी दोन मिनिटं येतात की ज्यांच्या अलीकडे काकवी असते आणि पलीकडे डांबर. या दोन मिनिटांचा मालक म्हणजे गुळव्या. नेवाशाजवळच्या त्या गुऱ्हाळावर बावीस वर्षं ही मालकी रंभाजीकडे होती. गार पाण्यात बोटं बुडवायची, तीच बोटं उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा, लगेच परत पाण्यात धरायचा, त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. गोळी टण् वाजली की रंभाजी "उतरा" म्हणायचा आणि चार गडी काहील उतरवायचे. रंभाजी बोलेपर्यंत कुणी काहिलीला हात लावत नसे. ऊस ज्याचा असेल तोसुद्धा नाही.

त्या दिवशी रंभाजीने पाकातून बोट काढलं आणि नेमकं तेच बोट भीमराजने धरलं.

"दाजी, एकच मिनिट."

"आरं सोड, पाक आलाय."

"पाक येतच असतो. माणूस परत येत नाही," असं म्हणून भीमराजने सुई टोचली. बावीस वर्षं उकळत्या पाकात शेकलेलं बोट ते, त्याला काय कळतंय. रक्त यायला चार वेळा टोचावं लागलं. मग पट्टीवर थेंब, मग पट्टी मशिनीत, मग पंचेचाळीस सेकंद सगळं गुऱ्हाळ श्वास रोखून. आकडा आला चारशे शहाऐंशी. आणि त्याच सुमाराला काहिलीतून काळा धूर आला.

"आधण गेलं ते गेलं," भीमराज म्हणाला, "पण माणूस हाती लागला."

गहिनीनाथने काळ्याठिक्कर काहिलीकडे बघितलं. ऊस त्याचा होता, गुऱ्हाळही त्याचंच. कारखान्याची तोडीची चिठ्ठी वेळेवर न आल्यामुळे त्याने तो गुऱ्हाळावर आणला होता. "कंट्रोलरसाहेब," तो म्हणाला, "जरा काहील उतरवून हाती लागला असता तर न्हाई का चाललं?"

भीमराजला कंट्रोलर म्हणत, कारण तो नेवाशाच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. रंभाजीची बायको भामाबाई ही त्याची थोरली बहीण. स्टँडवर वीस वर्षं कर्ण्यातून गाड्या पुकारून त्याच्या बोलण्याला एक वळण लागलं होतं. घरी जेवायला बसतानाही तो "भाकरी लागलेली आहे" म्हणायचा. माणूस मायाळू होता, पण त्याची माया नेहमी वेळापत्रक घेऊन यायची. त्याचे वडील साखरेच्या आजाराने गेले होते, आधी पायाचा अंगठा, मग पाऊल, मग ते स्वतः. तेव्हापासून कुणी दोनदा पाणी प्यालं तरी भीमराज त्याच्याकडे संशयाने बघायचा. दोन वर्षांपूर्वी तपासणी शिबिरात रंभाजीला साखर निघाली तेव्हा रंभाजी "बरं" म्हणाला आणि कामावर गेला. भीमराज मात्र तिथेच बाकावर बसला होता.

आणि सत्त्याण्णव साली त्याच्या हाती मशीन आलं. चुलतबहीण वृषाली आखातात नर्स होती, तिने सुट्टीवर येताना आणलं. पानाच्या डबीएवढं मशीन, पट्ट्यांच्या बाटल्या आणि एक पुस्तिका, अर्धी इंग्रजीत, अर्धी अरबीत. भीमराजने ती दुसऱ्या पानापासून वाचली. पहिलं पान म्हणजे कुणाकुणाचे आभार वगैरे असणार, असा त्याचा अंदाज होता.

चारशे शहाऐंशीनंतर रंभाजीचं आयुष्य वेळापत्रकावर गेलं. भीमराजने फुलस्केप कागदावर रकाने आखले आणि कागद गुऱ्हाळाच्या मेढीला, म्हणजे छपराच्या खांबाला, खिळ्याने ठोकला. सहा दहा, उपाशीपोटी. अकरा चाळीस, दुसऱ्या आधणाला. चार पाच, चहानंतर. मशीन अंगावरच पाहिजे असा हुकूम निघाला. भामाबाईने जुन्या चोळीच्या खणाची पिशवी शिवली आणि ती रंभाजीच्या गळ्यात घातली.

"हे काय गं," रंभाजी म्हणाला, "मला काय बाजाराला न्यायाचंय का?"

"ऱ्हाऊ द्या. भीमाचा जीव हाय तुमच्यावर."

"त्याचा जीव हाय, पन भोकं माझ्या बोटाला हायेत."

पिशवी बघून वाटेवरचे लोक विचारायचे, नाना, कोणत्या देवाचा अंगारा हा. रंभाजी म्हणायचा, मेव्हण्याचा.

भीमराज ड्यूटी सांभाळून लुनावरून येई. यायला उशीर झाला तर उशिराचं कारणही रकान्यात लिही. मोजून झालं की मेढीपाशी उभा राहून गुऱ्हाळाला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारी, "अकरा चाळीसची, चारशे दोन." बिचारे गुऱ्हाळाचे लोक. त्यांना अशी काही करमणूक नव्हती. हळूहळू त्यांना त्या कागदाचा नाद लागला. ऊस घेऊन आलेला शेतकरी बैल सोडायच्या आधी मेढीकडे जाऊ लागला.

आणि मग गुऱ्हाळाच्या लोकांनीच करावी अशी गोष्ट त्यांनी केली. जन्मभर त्यांना एकच ठाऊक, साखर जास्त तो ऊस चांगला. त्यांनी त्या आकड्यांना तोच नियम लावला. छबूबाईच्या मळ्यातला ऊस गाळला त्या दिवशी रंभाजीचा आकडा दोनशे नव्वद आला, तर ती बाई खट्टू झाली. "पानी जास्त झालं उसाला," ती म्हणाली, "मी म्हनत हुते ह्यांस्नी." उलट गहिनीनाथच्या खोडव्यावर, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना फुटलेल्या दुसऱ्या पिकावर, आकडा चारशे सदतीसला गेला तेव्हा त्याने सगळ्यांना चहा पाजला. जळालेलं आधण तो त्या दिवशी विसरला.

"माझ्या उसावर नानांची साखर सव्वाचारशेच्या खाली येतच न्हाई," असं तो चारचौघांत सांगू लागला.

भीमराजला या अडाणीपणाचा फार राग यायचा. "माणूस मरणाच्या दारात आहे," तो म्हणायचा, "आणि तुम्ही उसाचं कौतुक करताय."

मरणाच्या दारातला माणूस तेव्हा काहिलीची मळी काढत असायचा. त्याला ना चक्कर, ना तहान, ना पायाला मुंग्या. पण ते त्याला कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी भीमराजने प्रयोग केला. तीन दिवस दाजींना घरी बसवलं. भामाबाईने जेवायच्या आधी हात धुवायला लावले, कारल्या-मेथीचा मारा केला, आणि आकडे आले एकशे बावन्न, एकशे चव्वेचाळीस, एकशे साठ. भीमराज कागद घेऊन थेट गहिनीनाथकडे गेला. "हे बघा. घरी दीडशे, गुऱ्हाळावर चारशे. गुऱ्हाळाची हवाच यांना बाधते. वाफेतून साखर अंगात शिरते. आता दाजी काहिलीपाशी उभे राहणार नाहीत."

पुराव्याला तोड नव्हती. गहिनीनाथने हात जोडले. "मग हंगामाचं काय? आणखी साठ गाड्या ऊस तोडायचा पडलाय. आठ दिवस वाट बघतो, कानिफनाथाला उभा करतो. न्हाईच जमलं तर कोल्हापूरकडून गुळव्या आणावा लागंल. आन् एकदा आणला म्हंजे तो कायमचाच."

हे रंभाजीने घरात बसून ऐकलं. त्याने काही वाद घातला नाही. फक्त त्या दिवसापासून तो अंगणात बसून बोटं चोळत राहिला. आधणाचा वास वाऱ्याबरोबर यायचा. मान न उचलता तो भामाबाईला सांगायचा, "चुकला. उशीर केला." थोड्या वेळाने, "हे कच्चं उतरवलं." बावीस वर्षांत ज्याला कुणी काही शिकवलं नव्हतं तो माणूस आता वाऱ्याकडून बातम्या घेत होता. भामाबाईला ते बघवेना. पण आकड्यापुढे तिचं तरी काय चालणार.

चुलवाणात जळण सारणारा कानिफनाथ चांगला पोरगेलासा गृहस्थ होता, पण तो मनगटावरच्या घड्याळात बघून पाक ठरवायचा. गुळाच्या ढेपा कधी दगडासारख्या निघत, कधी पोत्यातून वाहत. सहाव्या दिवशी गहिनीनाथने कोल्हापूरला चिठ्ठी लिहायला घेतली, आणि त्याच दिवशी भीमराज दाजींकडचं मशीन घेऊन गुऱ्हाळावर आला. लोक कुरकुरतायत हे त्याच्या कानावर गेलं होतं. त्यांना एकदा शास्त्रीय रीतीने समजवावं असं त्याच्या मनात होतं.

कानिफनाथने पाहुणा म्हणून त्याच्या हातावर वाफ्यातला, म्हणजे पाक ओतून निववायच्या हौदातला, गरम गूळ ठेवला. भीमराजने तो चाटूनपुसून खाल्ला, बोटं रुमालाला पुसली आणि मेढीपाशी उभा राहिला.

"निरोगी माणसाचा आकडा किती असतो ते आज बघा. म्हणजे दाजींचा आजार किती भयंकर आहे ते कळेल."

त्याने स्वतःच्या बोटाला सुई टोचली. पंचेचाळीस सेकंद हसतमुख उभा राहिला. मग मशिनीकडे बघितलं. मग मशीन उलटं करून बघितलं.

"किती?" गहिनीनाथने विचारलं.

भीमराजने पुकारलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने काही पुकारलं नाही. गहिनीनाथने वाकून वाचलं. "चारशे एकतीस." आणि नकळत त्याच्या तोंडून गेलं, "बगा, माझ्याच उसाचा गूळ हाय."

भीमराज मळीच्या डब्यावर बसला. त्याला एकदम तहान लागली. पायाला मुंग्या आल्या. डोळ्यापुढे वडिलांचा अंगठा आला. "दाजींना बोलवा," एवढंच तो बोलला.

त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उसावर आडवं घातलं आणि नेवाशाला काढलं. रंभाजी उशाशी बसला.

"दाजी, आक्काला सांभाळा."

"तुझ्या आक्काला मी तीस वर्सं सांभाळतोय. गप पड, उसाचं पान डोळ्यात जाईल."

"लुना तुम्ही घ्या."

"मला चालवाया येत न्हाई."

डॉक्टरीण भारतीबाई शांत बाई होत्या. त्यांनी भीमराजला उठून बसायला लावलं, मग बेसिनपाशी नेऊन साबणाने हात धुवायला लावले, हात कोरडे करायला लावले आणि त्याच मशिनीवर थेंब घेतला. अठ्ठ्याण्णव.

"पुस्तिका आणलीय का?" भीमराजच्या खिशात ती कायमच असायची. बाईंनी पहिलं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. तिथे नळाचं आणि साबण लावलेल्या हातांचं चित्र होतं. इंग्रजी आणि अरबी दोन्ही येत नसणाऱ्यालाही समजेल असं.

"आणि तो कागद?"

भीमराजने मेढीवरचा कागद काढून बरोबर घेतला होता. बाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. गुऱ्हाळावरचे आकडे, घरचे आकडे, उशिराची कारणं.

"यात घरचे आकडे तेवढे पेशंटचे आहेत," त्या म्हणाल्या. "बाकी सगळा तपास उसाचा झालाय. चांगला झालाय."

दारात उभ्या असलेल्या गहिनीनाथने छाती जरा पुढे काढली.

मग त्यांनी रंभाजीला बसवलं. त्याचे हात धुवायला बराच साबण लागला. आकडा आला एकशे अठ्ठावन्न. औषधाची गोळी आहे तीच चालू ठेवायची, आठवड्यातून दोनदा मोजायचं, पाय रोज बघायचे, काम करायला हरकत नाही.

"फक्त एक सांगा," बाई म्हणाल्या, "पाकाची ती गोळी वळता, काठावर मारता. नंतर ती गोळी जाते कुठे?"

रंभाजीने छताकडे बघितलं. "कुत्र्याला टाकतो."

"सगळ्या?"

"दोन-तीन सोडून."

"त्या दोन-तीनही कुत्र्याला."

"व्हय," रंभाजी म्हणाला. परत जाताना तो ट्रॉलीत बसला नाही. ट्रॅक्टरवाल्याच्या शेजारी, मडगार्डवर बसला आणि चारच्या आधणाला उभा राहिला. कोल्हापूरची चिठ्ठी गहिनीनाथने चुलवाणात टाकली. कानिफनाथने घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि जळण सारायला घेतलं. त्याला खरं म्हणजे सुटल्यासारखंच झालं होतं. रंभाजीने गळ्यातली पिशवी काढून भामाबाईकडे दिली. तिने ती फळीवर ठेवली, आठवड्यातून दोनदा काढायची म्हणून.

भीमराज दोन दिवस गुऱ्हाळाकडे फिरकला नाही. स्टँडवर त्याने श्रीरामपूरची गाडी दोनदा पुकारली आणि शेवगावची पुकारलीच नाही. तिसऱ्या दिवशी तो आला. हातात मशीन नव्हतं. कागद नव्हता. गुऱ्हाळाच्या कडेला, कुणाच्या वाटेत येणार नाही असा तो उभा राहिला. रंभाजीचं बोट पाण्यात गेलं, पाकात गेलं, पाण्यात आलं. गोळी टण् वाजली. "उतरा," रंभाजी म्हणाला. काहील उतरली, पाक वाफ्यात गेला, फावड्यांनी घोटला गेला, सोन्यासारखा फिरला. गडी चहाला बसले. तेव्हा कुठे भीमराज पुढे झाला. मग त्याने चार महिन्यांत न विचारलेली गोष्ट विचारली.

"दाजी, कसं वाटतंय तुम्हाला?"

रंभाजीने बोटं पाण्यात खळबळली.

"तू दोन दिस आला न्हाईस, तवापून लई बरं हाय."