खंडोबानं कौल दिला नाही

आमच्या घरात देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. हे मी कौतुकानं सांगते की वैतागानं, ते मला आजवर नीट ठरवता आलेलं नाही. सासूबाईंनी घालून दिलेली रीत आहे. टेंभुर्णीच्या अलीकडं हायवे सोडून आत गेलं की एका माळावर आमच्या खंडोबाचं देऊळ लागतं. तिथं जायचं आणि गुरवाला सांगून कौल लावायचा. म्हणजे झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या, मनातली गोष्ट देवाला विचारायची आणि हात जोडून बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या शहरातल्या नवी पेठेत साड्यांच्या फॉल-अस्तराचं मॅचिंग सेंटर काढायचं का, मुलाला सायन्सला घालायचं की कॉमर्सला, हीच सून करायची का, सगळं त्या पाकळ्यांवर ठरलेलं. सासूबाई गेल्या, पुढं मालकही गेले, पण रीत राहिली. आणि त्याच देवाला एक दिवस मला विचारायची वेळ आली, की बाबा रे, या वयात मी दुसरं लग्न करू का?

वाघमोडे पहिल्यांदा दुकानात आले ते जुन्या साड्यांचं गाठोडं घेऊन. मला वाटलं, फॉल लावायच्या असतील. तर म्हणाले, "न्हाय ताई, गोधडी शिवायची हाय. आतनं लावायला मऊ कापड पायजे." गोधडी कोण शिवणार म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मीच की." मेकॅनिक म्हणून रिटायर झालेला, मिशा राखलेला हा माणूस गेलेल्या बायकोच्या साड्यांची गोधडी स्वतःच्या हातानं शिवत होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी कापड काढून दिलं. गिऱ्हाइकाला तोंडावर खरं सांगायची मला खोड आहे, म्हणून हेही सांगून टाकलं की जांभळी साडी त्या पोपटीशेजारी लावू नका, डोळे दुखतील. ते म्हणाले, "तिला दोनी लई आवडायच्या. डोळं दुखलं तर मिटून झोपीन. गोधडीच हाय की." मला हसू आवरेना. दुकानात गिऱ्हाइकांना मी हसवते. मला हसवणारं गिऱ्हाईक बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं.

मग ते येत राहिले. कधी दोरा संपला, कधी सुई मोडली. गोधडी पुरी झाली तेव्हा ती दाखवायला आले, आणि खरं सांगते, जांभळ्याशेजारी पोपटी वाईट दिसत नव्हता. मग त्यांनी दुसरी गोधडी काढली. एक दिवस 'ताई' म्हणायचं त्यांनी बंद केलं. त्याच्या जागी दुसरं काही म्हटलं नाही, नुसतं 'अहो' आलं, आणि ते माझ्या लगेच लक्षात आलं. पुढं एकदा दुकानात कुणी नाही असं बघून त्यांनी विचारलं, "सांजच्याला घरी जाऊन कुणाशी बोलता तुमी?" मी म्हटलं, "टीव्हीशी." तर म्हणाले, "मी पन. मग दोगांत एकच टीवी पुरंल की." मागणी घालायची ही अशी तऱ्हा. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला लाजणं शोभत नाही म्हणतात, पण मी लाजले. संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना वात नीट वळेना, तेव्हा मला कळलं की मला हो म्हणायचं आहे.

आणि ते कळल्याबरोबर मला भीती वाटली. आम्ही लिंगायत वाणी, ते धनगर. दोन्हीकडची माणसं चांगली आहेत, पण चांगल्या माणसांनाही जीभ असतेच. आमच्या नवी पेठेत तर समोरच्या दुकानात कुणी शिंकलं की इकडच्या दुकानात रुमाल निघतो. तरी लोकांचं एक वेळ सोडून दिलं असतं. धाक होता तो माझ्या मुलाचा, शिवराजचा. तो पुण्याला नोकरीला असतो. वडिलांवर त्याचा फार जीव होता. फोनवर मी त्याला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "आई, आपल्याकडं सगळं देवाला विचारून होतं. हेही विचार. उजवा कौल आला तर मी एक शब्द बोलणार नाही. पण डावा आला तर हा विषय परत काढायचा नाही." मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. आता माझ्यावर काहीच नव्हतं, जे काय करायचं ते देव करणार होता. मला वाटलं, यालाच शरण जाणं म्हणतात.

रविवारी सकाळी एसटीनं निघाले, फाट्यावर उतरले आणि वडापच्या शेअर जीपमधून देवळात गेले. सांगोल्याकडचं एक भलंमोठं कुटुंब देवाची तळी उचलायला आलं होतं. त्यांची म्हातारी पुढाऱ्यासारखी सगळ्यांना हुकूम सोडत होती. त्यांनाही कौल लावायचा होता, पण माझा नंबर आधी होता. गुरवानं पाकळ्या भिजवल्या आणि देवाच्या खांद्यांना लावल्या. वाऱ्यानं पडायला नको म्हणून गाभाऱ्यातला पंखा बंद केला. मी डोळे मिटून मनातलं विचारलं आणि बसले.

बसले ती बसलेच. पाकळ्या काही हलेनात. घामानं माझं पोलकं भिजलं, मागची मंडळी चुळबुळ करायला लागली, कुणीतरी खोकलं. डावी पाकळी जराशी लोंबल्यासारखी वाटली आणि मी मनात म्हटलं, ही नको. तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं, की मी कौल मागत नाही, मी उजवा कौल मागते आहे. पण डावीही पडली नाही. गुरवानं दोन्ही काढून पुन्हा ताज्या पाकळ्या लावल्या. मी पुन्हा विचारलं, आणि पुन्हा तेच. देव आपला हळदीत माखून माझ्याकडं बघत होता, आणि दोन्ही पाकळ्या त्याच्या अंगाला शिवून टाकल्यासारख्या बसल्या होत्या. शेवटी गुरव ओशाळून म्हणाला, "देव आज बोलंना बगा, बाई. असं कदी होत न्हाय. न्हाय तर आसं करा, उजवा समजून जावा. देव काय न्हाय म्हनला न्हाय की."

तेवढ्यात मागून म्हातारीचा आवाज आला, "काय इचारलंस तरी काय गं? आमी कवाचं ताटकळलोय हितं."

उपाशी पोट, उकाडा आणि त्यात ही टोचणी. माझा तोल गेला. मी वळून मोठ्यानं म्हटलं, "लग्न करू का म्हणून विचारलंय!"

"लेकीचं व्हय?"

"माझं!"

कुणाच्या तरी हातातलं खोबरं खाली पडलं, त्याचा आवाज तेवढा झाला. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "गडी कसा हाय?"

"चांगला आहे. हसवतो," मी म्हटलं. "धनगराचा आहे. मी वाण्याची."

"मंग आमचाच की!" म्हातारीनं मांडीवर थाप मारली. "आन तुजं मन काय म्हंतंय?"

"करायचं म्हणतंय."

"मंग देवाला कशापायी तिष्टत ठिवलंस? म्हाळसा तुमची, वाण्याची. ती घरात आसताना ह्यो आमच्या बानूच्या पाटी धनगरवाड्यात ग्येला, मेंढरं राखली, शेण काडलं, मंग लगीन लावलं. कुनाला कौल इचारला हुता त्यानं? ज्यानं सोताच्या येळंला इचारलं न्हाय, त्यो तुला काय सांगनार? लाजला आसंल बिचारा!"

आधी गुरव हसला, मग त्यांची सगळी माणसं, आणि शेवटी मीही. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी आलं ते मला कळलं नाही. लहानपणापासून खंडोबाच्या जागरणात ऐकलेली गोष्ट ही. ती माझ्याही उपयोगाची आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं. त्यानंतर म्हातारीनं आपला कौल लावला, बोअर पाडू का म्हणून. गुरवानं हात मागं घेतला न घेतला तोच उजवी पाकळी टपकन पडली. म्हातारी माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "बोलतोय गं त्यो. तुज्याशीच बोलला न्हाय."

त्यांच्या तळीला तिनं मला ओढून घेतलं. सगळ्यांच्या हातांबरोबर माझा हात त्या ताटाला लागला, येळकोटाचा गजर झाला, आणि तिनं मूठभर भंडारा माझ्या कपाळाला फासला. मालक गेल्यापासून मी विभूतीची बारीक रेघ ओढत होते. त्या दिवशी कपाळभर हळद लागली. मला फार, फार बरं वाटलं.

परतताना जीपमध्येच शिवराजचा फोन आला. "काय आलं, आई? उजवा की डावा?" एवढाच प्रश्न. त्याला एका शब्दाचं उत्तर पुरलं असतं, आणि तो शब्द तर गुरवानंच माझ्या हातात ठेवला होता. शहानिशा करायला कोण जाणार होतं? पोरगा गप्प बसला असता, लग्न झालं असतं, सगळे सुखी. पण इतकी वर्षं मी दुकानात एकच गोष्ट पाळली आहे. न जुळणारा रंग जुळतोय म्हणून कुणाच्या गळ्यात मारला नाही. मग माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट खोट्यावर कशी उभी करू? आणि खोटं कुणाच्या नावावर, तर देवाच्या!

मी म्हटलं, "कौल आलाच नाही, शिवा. दोनदा लावला. म्हणून आता मीच ठरवलंय. मी लग्न करणार आहे. तू रागावलास तरी मी तुझी आईच राहीन, पण तू आलास तर मला ते गोड वाटेल." जीपमधली माणसं उगाच बाहेरच्या उसाकडं बघत होती. शिवराज "ठीक आहे" म्हणाला आणि फोन ठेवून दिला. ठीक काही नव्हतं, हे मला त्याच्या आवाजावरूनच कळलं.

त्यानंतर त्याचा फोन येईना. मी केला तर सून उचलायची, खुशाली सांगायची आणि ठेवायची. वाघमोडेंना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. मुलगा बोलत नाही, तरी माझा होकार आहे, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "होकार मिळाला, माजं भागलं. तारखंची घाई न्हाय. पोरगा येस्तवर मी तिसरी गोधडी काडतो." त्या दिवसांत मी रोज देवापुढं बसायचे, पण काही विचारायचे नाही. नुसतं म्हणायचे, माझं मी केलं, आता पोराचं तू बघ. पूर्वी भीती वाटली की मी देवाकडं धावायचे. आता भीती होतीच, पण ती बरोबर घेऊन मी दुकानात जात होते, काम करत होते, आणि नवल म्हणजे गुणगुणतही होते.

एका रविवारी दुपारी वाघमोडे काउंटरवर कापड पसरून मापं घेत होते, तेवढ्यात समोर रिक्षा थांबली. शिवराज उतरला. मी आधी त्याचं कपाळ बघितलं. ते पिवळंधमक होतं. पुण्याहून येताना वाटेत टेंभुर्णी, आणि टेंभुर्णीच्या पुढं आमचा देव. मला काय समजायचं ते समजलं.

"कौल लावलास?" मी विचारलं.

तो काउंटरशी येऊन उभा राहिला. "लावायलाच गेलो होतो," तो म्हणाला. "गुरवानं पाकळ्या भिजवल्या, पंखा बंद केला, आणि म्हणाला, विचारा. तर मला विचारताच येईना, आई. माझ्या आईनं सुखात राहावं की नाही, हे देवाला कसं विचारायचं? मी म्हटलं, राहू दे, पंखा लावा."

त्यानं खिशातून पुडी काढली आणि माझ्या कपाळाला भंडारा लावला. मग क्षणभर घुटमळला आणि वाघमोडेंच्याही कपाळाला लावला. ते गांगरून उभेच राहिले, आणि भंडारा नाकात जाऊन त्यांना अशी सणसणीत शिंक आली की तिसऱ्या गोधडीच्या कापडावर सगळीकडं पिवळं उडालं. शिवराज खो खो हसला. त्या माणसानं पहिल्याच भेटीत माझ्या पोरालाही हसवलं. मी काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायचं निमित्त केलं आणि पोटभर रडून घेतलं.

त्या दिवशी देव माझ्याशी का बोलला नाही, याचा मी फार विचार करत नाही. कुणी म्हणेल, पाकळ्या जाड होत्या. असतील. मला एवढंच कळतं, की तो बोलला असता तर मी आयुष्यभर त्याच्या मागं लपून राहिले असते. माझं मला बोलू दिलं, ही त्याची कृपा. आणि पोराचं मन वळवणं माझ्या हातात नव्हतं, ते मी त्याच्यावर सोपवलं, तर ते त्यानं केलं. आपल्या वाटणीचं आपण करावं आणि उरलेलं त्याच्या पायाशी ठेवावं. शरण जाणं ते हेच असावं.

लग्न झाल्यापासून मी आणि वाघमोडे सवड मिळेल तसं त्या देवळात जातो. भंडारा लागलेली ती गोधडी प्रवासात आमच्याबरोबर असते. तो डाग काही केल्या गेला नाही, आणि आम्हीही फार घासला नाही. आम्हाला बघितलं की गुरव मुद्दाम पाकळ्या भिजवायला घेतो आणि विचारतो, "बोला, आज काय इचारायचं?"

मी म्हणते, "काही नाही हो. नुसतं भेटायला आलोय."