कापलेला टप

दादाने भिरकावलेला पाना माझ्या कानशिलाला लागून मागच्या पत्र्यावर आपटला. मी तेव्हा बाविशीतला, डोकं कायम तापलेलं. कानावरून रक्त ओघळत असतानाच हातोडी उचलून सख्ख्या भावाच्या अंगावर धावून गेलो. खोपटच्या आमच्या गॅरेजात असली भांडणं नवी नव्हती. हे पेटलं होतं गाडीच्या टपावरून.

मिठागरांच्या एका मालकांना मुलाच्या वरातीसाठी उघडी गाडी हवी होती. घरची अमेरिकन गाडी होती बंद टपाची. "टप कापून द्या," म्हणाले, आणि दादा हो म्हणून बसला.

उघडी अमेरिकन गाडी मी आदल्या वर्षी खाली झोपून नीट पाहिली होती. वर टप नाही, म्हणून तिच्या चासीत, म्हणजे खालच्या सांगाड्यात, जाड लोखंडाची भलीमोठी फुली घातलेली असते. बंद गाडीला एवढं लोखंड लागत नाही. टप आणि खांबच तिला ताठ धरतात.

"दादा, आधी खालून गर्डर मारू. नाहीतर ही मधेच वाकेल."

"तू मला शिकवणार? पंधरा वर्षं पत्रा ठोकतोय मी!" आणि त्यामागून पाना.

शेवटी गर्डर न मारताच दादाने टप कापला. कापल्याबरोबर गाडी पोटात खचली, दारांच्या फटी वरून आवळल्या, पुढची दारं लागेनात. शहाणा माणूस तिथेच थांबला असता. पण आमच्या धंद्यात दार अडलं की कानस घ्यायची, एवढंच ठाऊक. दादाने दोन दिवस कडा घासून घासून दारं बसवली.

वरातीच्या दिवशी दुपारी मी गाडी पुसत होतो. दाराच्या मागच्या कडेच्या फटीत, वरच्या टोकाला, माझी बोटं सहज गेली. गाडी रिकामी होती. माणसं भरून गाडी खड्ड्यात आदळली की ही फट मिटणार, हे मला लख्ख कळलं. पण कानशील अजून ठणकत होतं. होऊ दे फजिती, म्हटलं, त्याशिवाय अक्कल यायची नाही. आणि गप्प बसलो.

टेंभी नाक्याजवळ वरात आली तेव्हा गाडीत आठ माणसं कोंबलेली होती. घासलेल्या दाराची कडी धरत नव्हती, म्हणून दादा वरून दार धरून शेजारी चालत होता, बोटं फटीत. चाक खड्ड्यात आदळलं आणि गाडी मधे वाकली. दादाची किंकाळी ताशाच्या वर गेली. ताशेवाले वाजवतच राहिले.

"उतरा सगळे!" मी ओरडलो.

"नवरानवरी अर्ध्या वाटेत उतरत नसतात," मालक म्हणाले.

मी नवऱ्याला कॉलर धरून रस्त्यावर खेचला. मालकांनी मला लाथ घातली, मी त्यांच्या थोबाडीत ठेवून दिली. बाकीचे आपसूक उतरले. मग गाडीच्या पोटाखाली, जिथे गर्डर हवा होता बरोबर तिथेच, जॅक लावून उचलली. फट उघडली. दादाच्या उजव्या हाताची तीन बोटं नुसती कातडीला लोंबत होती.

ती काढावीच लागली. दुसऱ्या दिवशी इस्पितळात दादाने विचारलं, "दुपारी गाडी तूच पुसलीस ना? फट दिसली नाही का रे?"

"नाही, दादा."

"तेच म्हटलं. दिसली असती तर तू गप्प बसणारा नाहीस," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने माझ्या कानशिलावरची खपली चाचपत राहिला.