कोऱ्या दगडांची भिंत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. भूतखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता... आयुष्य कारखान्यात गेलं, वास आला की आधी गळती शोधायची ही सवय. म्हणून जे झालं तेवढंच लिहितो.

लोणावळ्यात रेल्वेलाइनच्या खालच्या अंगाला गोऱ्यांचं जुनं कब्रस्तान आहे. घाटाच्या कामावर आलेले साहेब, त्यांच्या बायका, तान्ही मुलं. सगळीकडे घाणेरीची झुडपं माजलेली, दारूच्या बाटल्या, शिवाय लोक परसाकडला बसायचे. दोन वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी ते दर रविवारी सकाळी साफ करायला घेतलं. पुढाकार कुलकर्णी सरांचा, ते निवृत्त शिक्षक. त्यांचा नियम सोपा – "अक्षर असेल तो दगड धुवा, उभा करा. कोरा असेल तो कंपाउंडच्या भिंतीला." भिंतीत जायच्या दगडांवर खडूने फुली मारायचं काम माझ्याकडे.

खालच्या कोपऱ्यात पंधरा-वीस कोरे दगड होते. सरांना तो ढिगारा वाटला. मला माहीत होतं. डोंगरावरच्या वाडीची माणसं आपल्या माणसांना तिथं माती द्यायची. वाडीतले धर्मादादा आमच्या शेतावर राबले, मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचे. ते गेले तेव्हा त्यांच्या उशाचा दगड मीच ठेवला होता – काळा, एका कडेचा टवका उडालेला.

त्याच दगडावर मी खडूने फुली मारली.

का? साफ केलेल्या कब्रस्तानाचं उद्घाटन आठ दिवसांवर आलं होतं, भिंतीला दगड कमी पडत होते, आणि "सर, हेही कब्रस्तानच आहे" असं चारचौघांत म्हणायची मला लाज वाटली. एवढंच. कोपरा सपाट करून तिथं पार्किंग केलं. उद्घाटनाला त्या भिंतीला टेकून आम्ही पोहे खाल्ले, फोटो काढले. ते फोटो आता बघवत नाहीत.

एप्रिलमध्ये गवंडी शिवाने मला बोलावलं. "दादा, ह्यो एकच दगड पाझरतोय बगा. पाऊस न्हाई, पाइप न्हाई!" तोच काळा दगड. मी हात लावला. पाणी नव्हतं ते... थिजलेल्या तुपासारखं काहीतरी, कोमट, आणि वास नासलेल्या दुधाचा.

"मागं उंदीर मेला आसंल," शिवा म्हणाला. त्याने सांधे खरवडले, ॲसिडने दगड घासला. मागे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दगड पुन्हा तसाच.

माझ्या हाताचा वास जाईना. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं झालं. बायको म्हणाली, "अहो, कुठं हात घालून आलात? ताटावर बसू नका असे!" भाकरीचा घास तोंडाशी नेला की ओकारी यायची. आजही मी चमच्याने जेवतो.

मे महिन्यात हिरामावशी आल्या. धर्मादादांच्या मागे राहिलेली त्यांची बायको. भर दुपारी पार्किंगमध्ये वाकून काहीतरी शोधत होत्या.

"भाऊ, आमच्या ह्यांचा दगुड कुटं गेला वो? लय हुडीकला. तुमीच ठिवलता ना उशाला?"

"माहीत नाही, मावशी," मी म्हणालो. इतकं सहज निघालं तोंडातून.

"ऱ्हाऊ द्या. तुमी तरी काय करणार, मोटी लोकं आली," असं म्हणून दमून त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. पाठ नेमकी त्याच दगडाला. थोड्या वेळाने उठायला हात मागे टेकला, तोही त्याच्यावर. मी घाईने त्यांना धरायला वाकलो आणि तोल सावरायला माझा पंजा त्यांच्या हाताशेजारी दगडावर पडला.

माझा पंजा लडबडला. त्यांचा हात कोरडा. पाठीवरचं लुगडंही कोरडं. एकच दगड, चार बोटांचं अंतर... मी डोळ्यांनी पाहिलं.

"शी, काय लागलं वो हाताला? घाण वास मारतोय!" नाक मुरडत मावशींनी माझा हात ओढला आणि पदराने पुसला. बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, लहान पोराचा पुसावा तसा. मला त्या वासापेक्षा स्वतःचीच किळस आली.

हे कशाने होतं, मला सांगता येत नाही. शिवालाही नाही. दगड अजून पाझरतो, सर त्याला लोकल जिऑलॉजी म्हणतात.

हिरामावशी अजून वाडीवर आहेत. तो दगड भिंतीतून काढून धर्मादादांच्या उशाला परत ठेवणं आणि फुली मी मारली हे त्यांना तोंडावर सांगणं, हे माझ्याकडून अजून बाकी आहे.