चौथ्या गाण्यातलं डुक्कर

काल पापडी गावातल्या एका लग्नात डुकराच्या विंदालूच्या टोपातून आंबट वास आला आणि नेमकं तेव्हाच डीजेने त्या इंग्रज पोरांच्या जुन्या बँडचं गाणं लावलं. मी ताट तसंच ठेवून मांडवाबाहेर आलो.

त्यांचा पहिला अल्बम कोणी विचारला नव्हता, पण माझ्या पोरवयात दुसरा जगभर गाजत होता. बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने त्याची कॅसेट मला लंडनहून आणली होती. त्या गिटारींपायी मी जेवण विसरायचो. मग ताईचं लग्न आलं. आदल्या दिवशी मांडवात बायका गाणी म्हणत होत्या आणि ती टेप करायला इनासकाकांनी माझीच कॅसेट वापरली, चौथ्या गाण्यावर थांबली होती तिथूनच. त्याच वेळी परसात जेवणासाठी डुक्कर कापत होते.

मी ओरडलो, तर काका म्हणाले, “इंग्रजीच होतं ना? कोणाला कळतं त्यातलं?”

चौथ्या गाण्यात गिटार रंगात येते, मध्येच तुटते आणि डुक्कर किंचाळतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला उलटी झाली होती. आजही ते गाणं कुठेही लागलं की त्या जागी मला किंकाळीच ऐकू येते. शिसारी येते.

कॅसेट फेकावीशी कितीदा वाटली. पण त्या किंकाळीमागे आई गातेय आणि तिचा आवाज दुसरीकडे कुठेच उरलेला नाही. तिला ऐकायचं तर दर वेळी ते डुक्कर मरू द्यावं लागतं.