राहून गेलेली ओळ

केजच्या एसटी स्टँडमागं ख्वाजा शेख यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. मोटार चालू केली की ते तिच्या जवळ कान न्यायचे आणि बेअरिंग घासतंय का, हे नुसत्या आवाजावरून सांगायचे.

मग कानच गेले. आधी डावा, दोन वर्षांत उजवा. बीडच्या डॉक्टरनं दिलेल्या यंत्रातून नुसती घरघर यायची, म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. गिऱ्हाईक आधी मोठ्यानं बोलू लागलं, मग हातवारे करू लागलं, आणि मग समोरच्या नव्या दुकानात जाऊ लागलं. बायको रहेमतबी आदल्याच वर्षी गेली होती. मुलगी हुस्ना परभणीला नांदत होती. ती व्हिडिओ कॉल करायची तेव्हा ख्वाजा तिच्या ओठांकडं बघत मान हलवत राहायचे. दिवसाकाठी कुणाशी चार वाक्यं बोलणंही होत नव्हतं.

रमजान ईदला हुस्ना आली तेव्हा तिनं पाटीवर लिहिलं, ‘अब्बा, माझ्या पोराच्या शाळेत वायरी जोडायला शिकवणारा एक खोका आलाय. पुस्तक सगळं इंग्रजीत. तुम्ही मराठीत का करत नाही?’

ख्वाजा झेडपीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले होते. त्यांनी ती पाटी दोन दिवस पुसली नाही. मग पत्र्याचे चाळीस डबे आणले. प्रत्येकात दोन सेल, साधी वायर जोडलेला बल्ब, चुंबक, मोठा खिळा, टाचण्या आणि वायंडिंगची बारीक तांब्याची तार. सोबत चोवीस पानांचं पुस्तक. चित्रं त्यांनी स्वतः काढली. आधी बल्ब पेटवायचा, मग खिळ्याला तार गुंडाळून त्याचं चुंबक करायचं, मग घंटी, शेवटी छोटी मोटार. फोनवर कुणाची शंका ऐकता येणार नव्हती, म्हणून त्यांनी प्रत्येक डब्यात आपला पत्ता घातलेलं एक पोस्टकार्ड ठेवलं. त्यावर लिहिलं, ‘जे जमलं नाही ते कळवा.’ बीडच्या एका संस्थेनं ते डबे चाळीस शाळांना वाटले.

जूनपासून ख्वाजा पोस्टमनच्या वेळेला दाराशी उभे राहू लागले. दिवाळी झाली तरी एकही कार्ड आलं नाही. पोस्टमन लांबूनच हात हलवून ‘न्हाई’ सांगायचा.

डिसेंबरात एक आलं. अक्षर मोठं, ओळी वरखाली. ‘बल्ब लागला. अकराव्या पानावरचा खिळा टाचण्या वढत न्हाई. तीनदा केलं. माझं काय चुकतंय? मनकर्णा.’ खाली मांजरसुंब्याच्या पुढं डोंगराकडच्या एका वाडीचं नाव होतं.

सेल उतरले असतील, असं ख्वाजांना आधी वाटलं. मग त्यांनी दुकानातलंच तसलं सामान घेतलं आणि पुस्तकाची आपली प्रत समोर ठेवून, जेवढं लिहिलंय तेवढंच करायचं ठरवलं. खिळ्याला तार गुंडाळली. टोक सेलला लावायच्या आधी त्यांचा हात आपसूक ब्लेडकडं गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी अकरावं पान पुन्हा वाचलं. तारेवर वार्निश असतं, ते टोकाला खरडल्याशिवाय वीज आत जातच नाही. ही ओळ पुस्तकात नव्हती. हाताला इतकी सवय झाली होती की लिहिताना ती आठवलीच नव्हती. म्हणजे खिळा, घंटी, मोटार, चाळीस शाळांत यातलं काहीच चाललं नसणार. आणि पोरांना वाटलं असणार, आपल्यालाच येत नाही.

‘संस्थेला मेसेज टाका, ते कळवतील,’ हुस्नानं लिहून पाठवलं. ख्वाजांनी उत्तर दिलं, ‘पुस्तकात चूक तशीच राहील.’ त्यांनी शाळांची यादी मागवली, पिशवीत पेन, पाटी आणि ब्लेडचं पाकीट घातलं आणि एसटीत बसले.

कंडक्टरनं गावाचं नाव पुकारलेलं त्यांना कळायचं नाही. एकदा ते फाटा सोडून पार मांजरसुंब्याला उतरले आणि तिथून उलट चालत आले. शाळेत गेलं की एकच सांगायचं. ‘मी ख्वाजा. पुस्तकात माझी चूक झालीय. ती दुरुस्त करायला आलोय.’ आपला आवाज केवढा निघतोय तेही त्यांना कळत नव्हतं. पोरं कधी दचकायची, कधी गुरुजी कान पुढं करायचे.

पहिल्या शाळेत कपाटातून डबा निघाला. त्याची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. गुरुजींनी पाटीवर लिहिलं, ‘पोरं मोडतील म्हणून जपून ठेवलाय.’ दुसऱ्या शाळेतही तेच. एकतीस शाळा झाल्या तेव्हा सव्वीस डबे कोरेच निघाले होते. पोरांचा हिरमोड झाला असेल म्हणून ते निघाले होते, आणि इथं बहुतेकांनी हातच लावला नव्हता. यातलं जास्त वाईट काय मानावं, ते त्यांना ठरवता येईना. तरी प्रत्येक पुस्तक उघडून त्यांनी ती ओळ लिहिली आणि डबा परत दिला.

बत्तिसावी मनकर्णाची वाडी. शाळेत चौकशी केली तर गुरुजींनी खिचडीच्या खोलीकडं बोट दाखवलं. मनकर्णा तिथं स्वयंपाक करायची. पातेलं घासत बसलेली, चाळिशीची बाई. कपाटात जागा नव्हती म्हणून डबा तिच्या खोलीत पडला होता. ख्वाजांनी नाव सांगताच ती हात पुसत उठली आणि भरभर बोलू लागली. त्यांनी कानाला हात लावून मान हलवली आणि पाटी पुढं केली.

ती सावकाश लिहू लागली. ‘मालक न् लेकरं कोयत्यावर गेलेत, कारखान्याकडं ऊस तोडायला. मी एकटीच हाय. खिचडी शिजंपर्यंत वाचते.’

‘ह्या दोन्ही टोकांना ब्लेडनं खरड,’ ख्वाजा म्हणाले. ‘तांबं चमकंपर्यंत.’

तिनं खरडलं. तार सेलला लावली, आणि टाचण्यांचा गुच्छ खिळ्याला लटकला. तिनं पाटी ओढून घेतली. मग लिहिलं, ‘एवढंच व्हतं?’

‘एवढंच. मी लिहायचं इसरलो.’

‘मला वाटलं मलाच येत न्हाई.’

ख्वाजांनी ती ओळ वाचली आणि पाटी मांडीवर उलटी ठेवली. मग दोघांनी मिळून घंटी जोडली. ती वाजली, हे त्यांनी मनकर्णाच्या तोंडाकडं बघून ओळखलं. संध्याकाळच्या जीपची वेळ होईस्तोवर ते तिथंच बसले होते. गेल्या कित्येक महिन्यांत ते इतका वेळ कुणापाशी बसले नव्हते.

उरलेल्या आठ शाळा त्यांनी पुढच्या आठवड्यात केल्या. मनकर्णाची आणखी तीन कार्डं आली, आणि तिन्हींना त्यांनी चित्रं काढून उत्तरं पाठवली. पुढच्या वर्षी पटसंख्या घटली म्हणून ती शाळा शेजारच्या गावात गेली आणि खिचडीचं कामही गेलं. दिवाळीनंतर एक कार्ड आलं, शिक्का पुसट, कुठला ते वाचता येईना. ‘मी बी कोयत्यावर आलेय. राहायच्या कोपीत बल्ब लावलाय. सेल लवकर उतरतात. काय करावं?’

पत्ता लिहिला नव्हता. पोस्टातल्या माणसानं भिंग लावून पाहिलं, त्यालाही शिक्का वाचता आला नाही. ख्वाजांनी हुस्नाला विचारलं. तिलाही काही सुचलं नाही.

ते आता दुसरं पुस्तक लिहितायत. एक कृती केली की हात मागं घ्यायचा, ती लिहायची, मगच पुढची करायची. त्यात त्यांनी सेल कसे पुरवायचे, याची दोन पानं घातलीत. समोरच्या दुकानात मोटारी येतात, जातात. पोस्टमन आता येतानाच मान हलवतो, आणि ख्वाजा आत येऊन पुन्हा लिहायला बसतात.